दफ्तर खुले, लिपी बंद : मराठ्यांच्या वारशाचे मुक्त डिजिटल साधन कसे घडावे?

१/
शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार. पूर्वी मुर्तझाबाद म्हणून ओळखली जाणारी वस्ती पुढे शनिवार पेठ झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत वाड्याच्या आतील इमारती नष्ट झाल्या. आज दिल्ली दरवाजातून आत जाणाऱ्याला तट, बुरूज, जोती आणि कारंजी दिसतात. ज्या कारभारासाठी हा वाडा उभा राहिला, तो मात्र दगडांत शोधून सापडत नाही. तो कागदांत उरला आहे. हा धागा त्या कागदांविषयी आणि ते सर्वांना वाचता येण्याविषयी आहे.

२/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचे कागद कंपनी सरकारच्या हाती गेले. इतिहासाच्या प्रेमापोटी सरकारने ते जपले, असे समजण्याचे कारण नाही. इनाम कोणाचे, वतन कोणाचे, सारा किती, हे ठरवण्यासाठी जुना पुरावा लागत होता. इनाम कमिशनच्या काळात तर या कागदांवर अनेक घराण्यांचे भवितव्य ठरले. पुढे हेच ‘पेशवे दफ्तर’ म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागारात स्थिरावले. चौकोनी कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. असे हजारो रुमाल तेथे आहेत आणि सुट्या कागदांची संख्या कोट्यवधींत मोजली जाते.

३/
हे दफ्तर अभ्यासकांना सहजासहजी खुले झाले नाही. महाराष्ट्रातील इतिहासकार कित्येक वर्षे प्रवेश मागत राहिले. अखेर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्याआधी १८९८ पासून विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावोगावी हिंडून, घराघरांतले कागद मिळवून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला होता. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच तळमळीतून. कागद लोकांपुढे यावेत ही मागणी इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

४/
कायद्याच्या दृष्टीने आज या ग्रंथांपैकी बरेचसे मुक्त आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. राजवाडे १९२६ मध्ये निवर्तले. सरदेसाई १९५९ मध्ये. म्हणजे सरदेशांचे स्वतःचे लेखनही २०२० पासून सर्वांचे झाले. जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जो खंड शोधत दिवस जात असे, तो आता दोन मिनिटांत मोबाइलवर उतरतो. मग काम संपले काय?

५/
संपले नाही, कारण छापले गेले ते कोट्यवधींतले काही हजार कागद. उरलेल्यांवर आणखी एक कुलूप आहे : मोडी लिपी. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली बोरूने हात न उचलता अक्षरे लिहीत जायचे. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा नाही. त्यात नेहमीचे शब्द संक्षेपाने लिहिलेले असतात. लिहिणाऱ्या कारकुनाचा वेग वाढत असे आणि वाचणाऱ्या कारकुनाला संदर्भ ठाऊक असे. आजच्या वाचकाकडे तो संदर्भ नाही. त्याला मराठी येते, परंतु मराठीतला कागद वाचता येत नाही.

६/
ही अवस्था फार जुनी नाही. १८१० साली सेरामपूरला विल्यम केरी यांचा मराठी कोश निघाला, तेव्हा त्यातले मराठी शब्द मोडी टंकात छापले होते. पुढे छपाईत बाळबोध, म्हणजे देवनागरी, स्थिरावली. हाताने लिहिण्यात मोडी टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवली जात असे. त्यानंतर ती अभ्यासक्रमातून गेली आणि एक-दोन पिढ्यांत घरातल्या पेटीतले खरेदीखत, जमाखर्चाची वही, पणजोबांचे पत्र घरच्यांनाच परके झाले. हे कागद कोणी पळवले नाहीत. ते जागच्या जागी राहिले, फक्त वाचणारे गेले.

७/
यात केवळ अभ्यासकांचे नुकसान आहे असे नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा सरकारी कार्यालयांतली जुनी दफ्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड एकाएकी जाणवली. एखाद्या कुटुंबाचा दाखला, एखाद्या शेताची हद्द, एखाद्या देवस्थानाचा हक्क अशा ओळीवर अवलंबून असतो, जी वाचण्यासाठी दुसऱ्याकडे जावे लागते. जो स्वतः वाचू शकत नाही, त्याला वाचणाऱ्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. मुक्त साधनाची गरज इथून सुरू होते.

८/
तंत्राच्या बाजूने एक मोठे पाऊल जून २०१४ मध्ये पडले. यूनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. तोवर संगणकाच्या लेखी मोडी कागद म्हणजे निव्वळ चित्र होते. आता मोडी अक्षर हे अक्षर म्हणून साठवता येते, शोधता येते, एका यंत्रावरून दुसऱ्यावर न बिघडता पाठवता येते. विनामूल्य मोडी टंकही उपलब्ध आहेत. मात्र टंक म्हणजे वाचन नव्हे. यंत्राला हस्ताक्षर ओळखायला शिकवायचे, तरी प्रत्येक ओळीच्या चित्रासोबत कोणा जाणकाराने केलेले अचूक लिप्यंतर जोडून द्यावे लागते. ते काम माणसांनाच करायचे आहे.

९/
म्हणून एका कागदाचे डिजिटल पान पाच थरांचे असावे. पहिला थर : कागदाचे स्पष्ट चित्र, संस्थेचे नाव आणि रुमालाच्या क्रमांकासह. दुसरा : ओळीला ओळ ठेवून केलेले बाळबोध लिप्यंतर, मूळ शुद्धलेखनाला हात न लावता. तिसरा : तोच मजकूर, शब्द तोडून आणि विरामचिन्हे घालून. चौथा : आजच्या मराठीत आशय. पाचवा : शब्दार्थ, व्यक्ती, स्थळ, तारीख. नवशिका चौथ्या थरापासून वर चढत पहिल्या थरापर्यंत पोहोचू शकतो. तिथे पोहोचला की त्याला मोडी येऊ लागलेली असते. पाठ्यपुस्तक आणि साधनग्रंथ असे दोन्ही एकाच पानात सामावते.

१०/
तारखेचाच थर घ्या. पेशवेकालीन कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले आढळते. हा सुहूर सन, आकड्यांची अरबी नावे. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हे वर्ष जूनच्या आरंभी, सूर्य मृग नक्षत्रात जाताना सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. कागद जानेवारीतला असेल तर साल १७६१. म्हणजे तो पानिपतच्या महिन्यातला कागद आहे. हे गणित एकदा समजले की रुक्ष वाटणारी ओळ अंगावर काटा आणते.

११/
आता पहिल्या भागातल्या तारखांकडे परत पाहा. मोबाइलच्या दिनदर्शिकेत १० जानेवारी १७३० आणि २२ जानेवारी १७३२ शोधले, तर बहुधा दोन्ही दिवशी मंगळवार दिसेल. मग ‘शनिवार’ वाडा कसा? इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये ज्युलियन पंचांग सोडून ग्रेगोरियन स्वीकारले. त्याआधीच्या तारखा मराठी इतिहासग्रंथांत ज्युलियन पद्धतीने देण्याचा प्रघात आहे. मोबाइल मात्र आजचेच पंचांग मागे नेतो. ११ दिवसांचे हे अंतर धरले की दोन्ही दिवस शनिवारच निघतात. साधनात तारीख कोणत्या पंचांगाची, हे लिहिले नाही, तर जिज्ञासू वाचक बरोबर माहितीलाच चूक ठरवील.

१२/
शब्दांचा थरही असाच. ‘वरात’ म्हटले की आज घोडा, वाजंत्री आणि नवरदेव डोळ्यांपुढे येतात. पेशवे दफ्तरात ‘वरात दिली’ याचा अर्थ अमुक महालाच्या वसुलातून अमुक रक्कम द्यावी असा हुकूम दिला. इथे मोल्सवर्थचा कोश उपयोगी पडतो. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. पेशवाईतले शब्द लोकांच्या तोंडी जिवंत असताना तो रचला गेला. शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर शोधता येईल अशा रूपात विनामूल्य ठेवला आहे. मराठी वारशाचे एक उत्तम मुक्त साधन सातासमुद्रापार सांभाळले जाते, याची नोंद कृतज्ञतेने आणि थोड्या संकोचानेही घ्यावी लागते.

१३/
अशा पानावर जितके लिहायचे, तितकेच महत्त्वाचे न लिहिणे आहे. अक्षर लागत नसेल तर कंस आणि प्रश्नचिन्ह. दोन वाचने संभवत असतील तर दोन्ही. कागद फाटला असेल तर फाटला म्हणून नोंद. अंदाजाने भरलेला शब्द छापील ग्रंथात एका ठिकाणी राहतो. इंटरनेटवर तो दहा ठिकाणी उचलला जातो आणि मग तोच पुरावा म्हणून परत येतो. वाचन कोणी केले, कोणी तपासले, केव्हा बदलले, हेही दिसले पाहिजे. कागद एखाद्या घराचा असेल, तर प्रसिद्धीपूर्वी त्या घराची संमती हवी. जुन्या कागदांत हद्दीचे तंटे, कर्जे आणि जातीच्या नोंदी असतात. इतिहास म्हणून वाचणाऱ्याला त्या जुन्या वाटतात, शेजाऱ्याला वाटतीलच असे नाही.

१४/
इथवरची चर्चा पुण्याभोवती फिरली. मराठ्यांचा वारसा मात्र पुण्याच्या पेठांत मावणारा नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात तंजावरला भोसल्यांचे राज्य उभे केले. ते १८५५ पर्यंत टिकले, म्हणजे पुण्यातील पेशवाई संपल्यानंतरही सुमारे ३७ वर्षे. राज्य गेले, माणसे राहिली. कावेरीकाठी वसलेली मराठी कुटुंबे पुढे चेन्नई, बंगळूर आणि परदेशापर्यंत पसरली. घरात मराठी आणि दारात तमिळ, असा त्यांचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे.

१५/
तंजावरचे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत लिहवून बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतला. त्यांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. तेथे मराठी हस्तलिखिते आहेत आणि राज्यकारभाराचे मोडी कागदही. गंमत अशी की या मोडी कागदांपैकी निवडक कागदांचे तमिळ भाषांतर तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केले. मराठी राजांच्या मराठी कागदांतला आशय आज तमिळ वाचकाला सहज कळतो आणि शनिवार पेठेतल्या मराठी वाचकाला कळत नाही.

१६/
याचा परिणाम आपल्या इतिहासाच्या समजुतीवर होतो. मराठी नाटकाचा आरंभ म्हटला की १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’ ही उत्तरे पाठ असतात. परंतु तंजावरच्या शहाजी राजांच्या काळात (१६८४ ते १७१२) तेथे मराठी नाटके लिहिली जात होती. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले एक. भाव्यांचे कर्तृत्व याने उणे होत नाही; त्यांची परंपरा स्वतंत्र आहे. मात्र मराठी नाट्यलेखनाची कालरेषा शतकाहून अधिक मागे जाते. ही नाटके पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या नजरेआड राहिली, कारण ती ज्या ग्रंथालयात होती ते दूर होते.

१७/
आता उलट बाजूने पाहू. तंजावरी मराठी घरात बोलली जाते, परंतु मुले शिकतात तमिळ आणि इंग्रजी माध्यमातून. त्यामुळे अनेकांना मराठी बोलता येते आणि देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही. काही जण आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहितात. त्यांच्यासाठी मोडी हे पहिले कुलूप आणि बाळबोध हे दुसरे. पुण्यात बसून मोडीचे बाळबोध केले आणि ‘वारसा खुला झाला’ असे जाहीर केले, तरी ज्यांच्या पूर्वजांचे ते कागद आहेत, त्यांच्यासाठी दार बंदच राहते. साधन कोणासाठी खुले, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.

१८/
जगात अन्यत्रही ही गोष्ट घडली आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातले केजन लोक मूळचे अकेडियाचे, म्हणजे आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच भाषक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तेथून हुसकावले. ‘अकेडियन’चाच अपभ्रंश होत ‘केजन’ झाला. लुइझियानात १९२१ च्या राज्यघटनेने शाळेची भाषा इंग्रजी ठरवली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. ती मुले आईबाप झाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणे टाळले. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंचच्या जतनासाठी परिषद नेमली, तोवर एक पिढी मुकी झाली होती.

१९/
तंजावरकर आणि केजन यांच्यात मोठा फरक आहे. केजन निर्वासित होऊन आले. तंजावरचे मराठे राज्यकर्ते, कारभारी, कीर्तनकार म्हणून आले. शिकण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. १९३४ मध्ये जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी दक्षिण लुइझियानात हिंडून गाणी ध्वनिमुद्रित केली. ती ध्वनिमुद्रणे आज इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतात. आजोबांची भाषा न येणारा नातू ती गाणी ऐकून शिकतो. जी भाषा लिहिली गेली नाही, तिचे दफ्तर म्हणजे आवाज. तंजावरच्या कीर्तनपरंपरेतून साकी, दिंडी, ओवी, अभंग तमिळ हरिकथेत उतरले. तो वारसाही कागदावर कमी आणि गळ्यात अधिक आहे.

२०/
याचा नमुना पुण्यातच उपलब्ध आहे. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले आणि गावोगावच्या बोलणाऱ्यांचे ध्वनिनमुने लिखित मजकुरासह सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवले. एखाद्या वस्तूला किंवा नात्याला कोणत्या भागात काय म्हणतात, हे तेथे शोधता येते. वारशाचे साधन म्हणजे गडकिल्ल्यांची छायाचित्रे आणि लढायांचे नकाशे एवढेच, अशी समजूत असणाऱ्याने हे जरूर पाहावे. सामान्य माणसाचे सामान्य बोलणे तेथे पुरावा म्हणून जपले आहे.

२१/
‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द सरमिसळ वापरले जातात. मोफत म्हणजे पाहायला पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे उतरवून घेता येते, वर्गात वाटता येते, सुधारता येते, दुसऱ्या लिपीत नेता येते. श्रेय तेवढे द्यावे लागते. क्रिएटिव्ह कॉमन्ससारखे परवाने यासाठीच आहेत. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ याच रीतीने अक्षर-अक्षर तपासून ठेवले जातात. मोडी पानाचे लिप्यंतर असे मुक्त असेल, तर तंजावरी कुटुंबातली एखादी मुलगी ते तमिळ अक्षरांत नेईल, आजीकडून वाचून घेईल आणि पुण्याच्या वाचकाला न लागलेला शब्द कदाचित तीच लावील. तंजावरच्या घरांत जुनी मराठी रूपे टिकून आहेत. तिथला बोलणारा हा केवळ लाभार्थी नव्हे, जाणकारही आहे.

२२/
सरफोजी राजांनी १८०५ च्या सुमारास तंजावरात देवनागरी छापखाना सुरू केला. तेथून १८०६ मध्ये ‘बालबोधमुक्तावली’ निघाली : इसापाच्या गोष्टींचे सक्खण पंडितांनी केलेले मराठी भाषांतर, मुलांसाठी. त्यांच्या राज्यात विनामूल्य शिक्षण देणाऱ्या शाळाही होत्या. नवे तंत्र हाती आल्यावर एका मराठी राजाने जी पहिली पुस्तके काढली, त्यांत मुलांचे पुस्तक होते. डिजिटल साधन करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. कोट्यवधी कागदांचा आकडा पाहून दडपून जाण्याचे कारण नाही. एक पान पाचही थरांसह पूर्ण करणे हे शंभर पानांची नुसती चित्रे टाकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे.

२३/
आरंभ कोठून करावा? पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात. थोड्या दिवसांच्या वर्गात अक्षरओळख होते. पुढची काही वर्षे मात्र रोज एक ओळ लावण्याची सवय लागते. घरी जुना कागद असेल तर आधी त्याचे उजेडात नीट छायाचित्र काढावे, घड्या जबरदस्तीने उलगडू नयेत, चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. घरात वेगळी बोली बोलणारी ज्येष्ठ मंडळी असतील, तर मोबाइलवर त्यांचे बोलणे त्यांच्या परवानगीने मुद्रित करावे; गाव, साल आणि वय सोबत नोंदवावे. कागद पुष्कळ वर्षे थांबतो. आजी-आजोबा तितके थांबत नाहीत. म्हणून दोन्हींपैकी एकच आज करणे शक्य असेल, तर आवाजापासून सुरुवात करावी.